दोनशे रुपये फी आणि कागदावरचा डोंगर

कराडच्या शनिवार पेठेतल्या एका दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. दीड तास नंबरला बसले, दोनशे रुपये फी दिली, आणि जिना उतरताना हातात ना अँटिबायोटिक होतं, ना खोकल्याची बाटली. होता फक्त एक कागद, त्यावर पेनानं काढलेला डोंगर. चार वर्षांचा मुलगा कडेवर, त्याच्या नाकातून हिरवा शेंबूड वाहतोय, आणि मला रडू येईल इतका राग आलेला. पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते. जिन्यातूनच घरी फोन लावला आणि सांगितलं, डॉक्टरनं काहीच दिलं नाही.

त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. आता आमच्या घरातली पाचही माणसं तिथंच जातात, आणि लहान मुलं असलेल्या प्रत्येकीला मी तोच पत्ता सांगते. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. मी त्यांना मॅडम म्हणते.

आधी काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर त्या कागदाचं मोल कळणार नाही. त्याआधीच्या एका वर्षात माझ्या मुलाला अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले होते. फाइल माझ्याकडे आहे, त्यातून मोजून सांगते. दोनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन, दोनदा सेफिक्झिम, एकदा अ‍ॅमॉक्सिक्लॅव. पाचही वेळा तक्रार एकच, नाक गळतंय, खोकला आहे, रात्री अंग गरम लागतंय. ती पावडरची बाटली आणायची, खुणेपर्यंत पाणी घालून हलवायची, फ्रिजच्या दारात ठेवायची. तिसऱ्या दिवशी पोराला जुलाब सुरू, ढुंगण लालभडक, बाथरूममध्ये रडारड. जरा बरं वाटलं की मी औषध बंद करायचे आणि उरलेलं पुढच्या सर्दीला काढायचे. पाणी घातलेलं औषध आठवड्याभरात टाकून द्यायचं असतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही कुणाला विचारलं नव्हतं. उलट मीच आधीच्या डॉक्टरांना म्हणायचे, जरा पॉवरचं द्या, सोमवारी शाळा आहे.

तर तो पहिला दिवस. मॅडमनी आधी मुलाचं वजन केलं. बॅटरीनं घसा पाहिला, दोन्ही कान पाहिले. मग शर्ट वर करून त्याला माझ्या मांडीवर शांत बसवलं आणि घड्याळ पुढ्यात ठेवून पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजला. मलाही मोजायला लावला. माझे चौतीस आले, त्यांचे तेहतीस. त्या म्हणाल्या, "एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त झाला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. याला त्यातलं काही नाही. पण हे मोजणं तुम्हाला यायला पाहिजे, कारण रात्री दोन वाजता मी तिथं नसते." इतक्या वर्षांत इतक्या दवाखान्यांत गेले, स्वतःच्या पोराचा श्वास मोजायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तो डोंगर. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि एक रेघ काढली, सरसर वर चढणारी आणि मग लांबवर हळूहळू उतरणारी. "हा आपला आगाशिव समजा. पहिल्या दिवशी घसा खवखवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माथा, म्हणजे ताप, नाक चोंदणं, झोप नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा. मग उतार. सात ते दहा दिवसांत नाक मोकळं. खोकला मात्र मागं रेंगाळतो, दोन आठवडे, कधी तीन." आणि चौथ्या दिवसावर फुली मारून म्हणाल्या, "तुम्ही आज इथं आहात. नेमकं माथ्यावरून खाली पाऊल टाकताना आलाय. आज मी अँटिबायोटिक दिलं असतं तर परवा त्याला बरं वाटलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, काय गुण आला!"

हे वाक्य मला घरी गेल्यावर कळलं. माझ्या फाइलमधले पाचही कोर्स तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू झालेले आहेत. उतार लागलेलाच होता आणि श्रेय बाटलीला गेलं.

शेंबूड हिरवा झाला म्हणजे आता अँटिबायोटिक लागणार, हे तर मी आईकडून ऐकत आलेय. मॅडमनी सांगितलं की तो रंग जंतूंचा नसतो. सर्दीशी लढायला आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाकात जमतात, त्यांच्यातल्या एका द्रव्याचा तो हिरवा रंग. विषाणूच्या साध्या सर्दीतही शेंबूड हिरवा होतोच. सर्दी देणारे विषाणू दोनशेच्या वर प्रकारचे आहेत, म्हणून बालवाडीतल्या पोराला वर्षातून सहा-आठदा सर्दी होते, आणि त्याचा अर्थ त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असा होत नाही. अँटिबायोटिक का चालत नाही, हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यातली बरीच औषधं जीवाणूच्या अंगाभोवतीची भिंत पाडतात. विषाणूला ती भिंतच नसते, तो आपल्याच पेशीत शिरून बसतो. पाडणार काय?"

घरी काय करायचं ते कागदाच्या खालच्या भागात होतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, जेवणाआधी आणि झोपण्याआधी. ताप असेल किंवा पोर कण्हत असेल तरच पॅरासिटामॉल, तेही वजनावरून मोजून, औषधाच्या सिरिंजनं. एकाच नावाच्या बाटल्या १२० आणि २५० अशा दोन ताकदीच्या मिळतात, म्हणून आकडा वाचूनच घ्यायची. रात्रीच्या खोकल्याला झोपताना चमचाभर मध.

मधावरून आमच्या घरात थोडं झालं. माझ्या जावेचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं, आणि आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला रोज मधात उगाळलेली गुटी चाटवायच्या. मॅडमना मी सहज सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. मधात एका जीवाणूचे बीजाणू असू शकतात, एवढ्या लहान आतड्यात ते रुजतात, विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं. आत्यांना हे पटायला वेळ लागला, त्यांनी चार मुलं तशीच वाढवली आहेत. पण मॅडमनी त्यांना स्वतः बोलावून समोर बसवून सांगितलं, आणि "बाकी तुमचं बरोबर आहे, मोठ्या मुलांना हळदीचं दूध, गवती चहा, सुंठ, काही हरकत नाही" असंही म्हणाल्या. त्या एका वाक्यानं काम झालं. वाफाऱ्याला मात्र त्या लहान मुलांसाठी ठाम नाही म्हणतात. सर्दी त्यानं लवकर जात नाही, आणि उकळत्या पातेल्यानं भाजलेली पोरं त्यांनी पाहिली आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आत्यांना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ. लघवी तपासायला दिली, कल्चर केलं, म्हणजे त्यातला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध चालतं ते पाहिलं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. ई. कोलाय नावाचा जीवाणू, आणि खाली औषधांची लांब यादी, प्रत्येकासमोर एस किंवा आर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जीवाणूनं त्या औषधाला दाद देणं सोडलं आहे. पोटात घ्यायच्या गोळ्यांपुढे जवळपास सगळीकडे आर होतं. सेफिक्झिमपुढे आर. आत्यांना सात दिवस दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागलं. एका साध्या लघवीच्या जळजळीसाठी सात दिवस, सलाईनची सुई, आणि आमच्या पतसंस्थेतली माझी स्वतःची ठेव मोडावी लागली.

घरी आल्यावर तो रिपोर्ट घेऊन मी मॅडमकडे गेले. आत्यांची सवय मला ठाऊक होती. सर्दी झाली, घसा धरला की मेडिकलमधून सेफिक्झिमच्या चार गोळ्या आणायच्या, दोन दिवस घ्यायच्या. चिठ्ठी कुणी मागत नव्हतं. वर्षातून तीन-चारदा असं होतच असे. मॅडम म्हणाल्या, "याच गोळ्यांमुळे हे झालं असं मी एका माणसाबद्दल छातीठोक सांगू शकत नाही. पण होतं कसं ते सांगते. गोळी फक्त घशात जात नाही, आतड्यातही जाते. तिथं कोट्यवधी जीवाणू असतात. जे कमजोर ते मरतात, ज्यांना औषध पचतं ते उरतात आणि वाढतात. लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा त्याच आतड्यातल्या जीवाणूंपासून होतो. सर्दीसाठी घेतलेल्या गोळीनं सर्दीला काही झालं नाही, पण आतड्यात निवड होऊन गेली." मी तो रिपोर्ट जपून ठेवलाय. घरात कुणी म्हणालं की घे ना एक गोळी, काय बिघडतंय, की मी तो कागद काढून समोर धरते.

सेफिक्झिम हे औषध २०१४ पासून शेड्यूल एच१ मध्ये आहे, म्हणजे दुकानदारानं डॉक्टरची चिठ्ठी पाहायची, वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती याचसाठी, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मी वर्षानुवर्षं ती रेघ पाहत होते आणि डिझाइन समजत होते. मॅडमच्या बाहेरच्या खोलीत त्या रेघेचा मोठा फोटो लावलेला आहे. त्याच्या शेजारी इंडियन मेडिकल असोसिएशननं मार्च २०२३ मध्ये काढलेल्या पत्रकाचा मराठी मजकूर आहे. तेव्हा फ्लूची साथ होती, आणि त्यात डॉक्टरांनाच सांगितलंय की अशा ताप-खोकल्याला अँटिबायोटिक देऊ नका, ताप तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवडे राहू शकतो. नंबरची वाट बघताना लोक तो वाचतात. मी वाचलाय, माझ्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलाय.

या मॅडम अँटिबायोटिक देतच नाहीत असा समज पेठेत काही जणांचा आहे. तो चुकीचा आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीला, ती चौथीत आहे, एकदम ताप भरला, घसा इतका दुखला की थुंकी गिळवेना. नाक कोरडं, खोकला नाही. मॅडमनी टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके मला दाखवले, जबड्याखालच्या दुखऱ्या गाठींवर माझं बोट ठेवलं, आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं, दहा दिवस. नाक गळत नाही, खोकला नाही, वर ताप, ठिपके आणि गाठी, हे सगळं एकत्र आलं की स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूची शंका येते. त्यावर नीट उपचार झाला नाही तर पुढं संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तिसऱ्या दिवशी पोरगी नाचायला लागली, तरी सातव्या दिवशी कंपाउंडरचा फोन आला, गोळ्या चालू आहेत ना? तेव्हा माझा विश्वास खरा बसला. मुलाला नाही म्हणताना आणि मुलीला हो म्हणताना त्यांनी सारखाच वेळ घेतला होता.

नवऱ्याची गोष्ट थोडक्यात. तो साखर कारखान्यात आहे, हंगामात रजा मिळत नाही. नाक चोंदलं म्हणून नाक मोकळं करणारे थेंब तो तीन आठवडे टाकत होता आणि नाक जास्तच चोंदत होतं. मॅडमनी सांगितलं की हे थेंब चार-पाच दिवसांच्या वर टाकले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. थेंब बंद केले, चार रात्री त्रास झाला, मग सुटला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, वीसहून अधिक लेकरं गेली. कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. घरातल्या कपाटात, फ्रिजमध्ये, पर्समध्ये खोकल्याच्या सात बाटल्या निघाल्या. कागदावर मध लिहिलेलं असूनही मी त्या ठेवल्या होत्या, वेळेला असाव्यात म्हणून. पिशवीत घालून दवाखान्यात नेल्या. मॅडमनी एकेक बाटली बघितली, मागचा बारीक मजकूर वाचून दाखवला. दोन बाटल्यांत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण होतं. चार वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं सरकारनं डिसेंबर २०२३ मध्येच औषधावर छापायला सांगितलं आहे. ऑक्टोबरच्या त्या घटनेनंतर केंद्रानं पुन्हा कळवलं, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा नाहीत. सातही बाटल्या मी तिथंच सोडून आले. त्या दिवशी माझ्याकडून फी घेतली नाही.

फीवरून आठवलं, या दवाखान्याची मला सगळ्यात पटलेली पद्धत हीच. एका आजारपणाची फी एकदाच. पाच दिवसांत परत यावं लागलं तर पैसे नाहीत. मी आधी "काहीतरी जोरदार द्या" का म्हणायचे? परत दोनशे रुपये आणि परत रजा नको म्हणून. परत येणं फुकट असेल तर थांबून बघण्याचा धीर येतो. आणि कधी यायचं हेही कागदावर ठसठशीत लिहिलेलं असतं: श्वास जलद, छातीत खड्डा, पाणी पीत नाही, सुस्त पडलंय, कान दुखतोय, ताप तीन दिवसांच्या वर, किंवा बरं वाटून परत ताप. झटका आला तर इथं न येता सरळ मोठ्या दवाखान्यात. या यादीमुळे मी रात्री घाबरत नाही, आणि घाबरायचं तेव्हा नेमकं कशाला घाबरायचं ते कळतं.

कमी काय आहे तेही सांगते. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, जिना उभा, आत्यांना गुडघ्यांमुळे हात धरून न्यावं लागतं. बसायला दोनच बाकडी, बाहेर गॅलरीत एक. खोकणाऱ्या पोरांमध्ये तास-दीड तास बसावं लागतं. मास्कचा डबा ठेवलेला असतो, पण लहान मुलं मास्क ठेवतात कुठं तोंडावर. कागदावरचं अक्षर बारीक आहे, आत्यांना वाचता येत नाही.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एकदा माझ्या शेजारी पाटणच्या बाजूनं आलेली एक बाई बसली होती, दीड वर्षाचं बाळ घेऊन. सकाळची एसटी धरून आली होती, दिवसाचा रोज बुडवून. मॅडमनी बाळ नीट तपासलं, श्वास मोजला, सर्दीच आहे म्हणाल्या, थेंब दिले, डोंगर काढून दिला. ती म्हणाली, "ताई, सुई द्या की एक. मला परत यायला नाही व्हायचं." मॅडमनी आधी जरा तोडूनच उत्तर दिलं, मग खुर्ची पुढं घेऊन तिला पुन्हा सगळं सांगितलं, आणि दुपारी दोन ते तीन फोन करा म्हणून नंबर लिहून दिला. बाई म्हणाली, फोन मालकाकडं असतो, ते ऊसतोडीला गेल्यात. मॅडम गप्प झाल्या. फी फुकट असली तरी तिच्यासाठी परत येणं फुकट नव्हतं. मॅडमनी मग तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावायला कंपाउंडरला सांगितलं आणि परवा बाळाचा श्वास मोजायला कळवलं. त्यानंतर मी पाहते, लांबून आलेल्या पेशंटच्या केसपेपरवर गावच्या आशाताईंचा नंबर लिहिलेला असतो. हे आधीपासून होतं की त्या दिवसापासून, ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मुलाला पुन्हा सर्दी झाली. या वर्षातली चौथी. आता तो मोठ्या गटात आहे. कॅलेंडरवर त्यानं स्वतः डोंगर काढला आणि रोज शाळेतून आल्यावर त्यावर एक टिंब द्यायचा. पाचव्या दिवशी आत्या म्हणाल्या, शेंबूड हिरवा दिसतोय. तो म्हणाला, "आजी, उतार लागलाय." दवाखान्यात गेलो नाही. मिठाच्या पाण्याची बाटली पन्नास रुपयांची, तेवढाच खर्च. अँटिबायोटिकचा त्याचा शेवटचा कोर्स ऑक्टोबर २०२४ चा आहे.

जायचं असेल तर: सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते साडेआठ. गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी बंद. सोमवारी फार गर्दी असते, जमलं तर टाळा. नंबर फोनवर मिळत नाही, येऊन लावावा लागतो. जुनी फाइल न्या, आणि घरातल्या सगळ्या उघड्या बाटल्या पिशवीत घालून न्या. त्या एकेक करून बघतात.